भांडुपच्या गाळ्यातलं मार्गदर्शन

३ फेब्रुवारी २०२५

अंधेरीच्या कंपनीकडून आज मुलगी आली. दहाची वेळ दिली होती, दहाच्या आधीच दारात हजर. वक्तशीर माणूस मला आवडतं, म्हणून चहा दिला.

नाव श्रुतिका. बोरिवलीची, सत्तावीस-अठ्ठावीसची. तिची कंपनी स्वयंपाकघरातलं सामान बनवते, टीव्हीवर जाहिराती असतात. सरकारची नवी योजना अशी की मोठ्या कंपनीने आमच्यासारख्या लहान उद्योगाला वर्षभर हाताला धरून शिकवायचं, थोडं कामही द्यायचं. त्याबदल्यात कंपनीला करात सवलत. मी सरळ विचारलं, "म्हणजे तुम्ही आमच्यासाठी येता की सवलतीसाठी?"

"दोन्हीसाठी, मॅडम," ती हसून म्हणाली. खोटं बोलली नाही, हे लक्षात ठेवलं.

तिला गाळा दाखवला. सासरे गिरणीच्या वर्कशॉपात लोहार होते. गिरणी गेल्यावर आमच्या यांनी भांडुपला हा गाळा घेतला आणि विळ्या करायला लागले. हे गेल्यापासून मी बघते. भट्टीवर जयवंत मेस्त्री, कुडाळचा, यांच्या वेळेपासूनचा. आणखी दोघं घासकामाला. घरगुती विळ्या दुकानांत जातात, पण गाळा चालतो तो कोळणींवर. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या मासळीबाजारातल्या बायका विळी आमच्याकडूनच नेतात.

नेमकी तेव्हाच मंजुळा कोळीण आलेली. कोळणीची विळी मापाने होत नाही. ती स्वतः गाळ्यात पाटावर बसते, पायाने पाट दाबते, हवेत सुरमई कापल्यासारखं करते, आणि जयवंत पात्याच्या बुडाशी लाकडी पाचर ठोकत ठोकत पातं तिच्या हाताला येईल तसं कलतं करतो. याला विळी बसून घेणं म्हणतात. अर्धा तास सहज जातो, त्यातला निम्मा तोंडाच्या पट्ट्यात.

"ही कोन गो? सून आणलीस?" मंजुळाने विचारलं. मला मुलगा नाही, हे तिला पंचवीस वर्षं माहीत आहे.

"कंपनीची आहे. शिकवायला आलीय."

"कोनाला?"

"आम्हाला."

मंजुळा इतकी हसली की जयवंतला हातोडा थांबवावा लागला.

११ फेब्रुवारी

श्रुतिका दर मंगळवारी येणार. आल्यावर आधी फोटो, मी आणि ती, मागे भट्टी. जाताना पुन्हा फोटो. एवढे कशाला, विचारलं. "किती तास शिकवलं ते वरती दाखवावं लागतं, मॅडम." पद्धतशीर काम आहे.

जयवंत म्हणतो, "वैनी, ही पोरगी शिकवता कधी? फोटोच काडता." त्याला म्हटलं, तू आपली भट्टी बघ.

१८ मार्च

श्रुतिकाचं म्हणणं असं की गिऱ्हाइकाने कामाच्या जागेत बसणं धोक्याचं आहे आणि वेळखाऊ आहे. एका बाईमागे अर्धा तास घालवला तर धंदा वाढणार कसा? विळीची तीन मापं ठरवावीत: लहान, मध्यम, मोठी. तयार ठेवावीत. बाई आली, घेतली, गेली.

मला पटलं. खरं तर मी हे कधीपासून म्हणते आहे. मासळीचा वास गाळ्यातून जात नाही. बायका वेळी-अवेळी येतात, दाराशी पान थुंकतात, सगळ्यांदेखत मला 'रत्ना' म्हणून हाक मारतात. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री, त्र्याऐंशी सालची. आमच्या चाळीत तेव्हा दुसरी पदवीधर मुलगी नव्हती. श्रुतिकाला हे सांगितलं तर तिने डोळे मोठे केले. "त्र्याऐंशी साली? सॉलिड आहात तुम्ही!"

आमचे हे म्हणायचे, "तुझी केमिस्ट्री भट्टीत घाल, जरा जाळ होईल."

८ एप्रिल

पाटी लावली: ग्राहकांनी आत येऊ नये. दाराशी टेबल मांडलं, त्यावर तीन मापं. पहिलीच मंजुळा, बरोबर भाची पूर्वीला घेऊन. पूर्वी यंदापासून बाजारात बसणार आहे, तिची पहिली विळी.

"आत का नाय जावाचं?"

"आता आतली पद्धत बदलली. ही मध्यम. पूर्वीला बरोबर होईल."

"आमी काय चपला घेवाला आलोय? मध्यम म्हने! बसल्याबिगर तुना कसं समजलं तिचा हात कुठं येतो?"

"नेऊन बघा. नाही जमली तर बदलून देईन."

"आनि बोट कापलं तर? बोट बदलून देशील?"

आवाज चढवून बोलण्याची सवयच असते त्यांना. मी टेबलापासून हलले नाही. शेवटी ती पूर्वीचा हात धरून निघून गेली. जयवंत सगळा वेळ पाठ करून उभा होता. मदतीचा एक शब्द नाही.

१३ मे

श्रुतिकाने गेल्या तीन वर्षांची विक्री मांडून आणली. जून आणि जुलै जवळजवळ कोरे. "काकू, हे दोन महिने तुमचे सगळ्यात मंद." (आता काकू म्हणते.) "तेव्हाच गाळा बंद ठेवून फरशी, रंग आणि पातं कापायचं मशीन बसवून घेऊ. खर्च कंपनीचा."

पावसाळ्यात मासेमारीला बंदी, होड्या किनाऱ्यावर. बायकांना फुरसत तेव्हाच, म्हणून सगळ्या तेव्हाच विळ्या बसून घ्यायला येतात. बिल मात्र नारळी पौर्णिमेनंतर करायचं, होड्या दर्यात गेल्या की. ही रीत यांनी घालून दिलेली. म्हणून कागदावर ते दोन महिने कोरे दिसतात.

मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे विक्री ऑगस्टमध्येच होते ना? मग ऑगस्टला आपण एकदम तयार असू."

मी पुन्हा नीट समजावणार होते. पण तिचे साहेब फोनवर ऐकत होते. ते म्हणाले, "मॅडम सायन्सच्या आहेत, त्यांना आकडे लगेच कळतात." मग मी मान हलवली. आकडे मला कळतातच.

१० जून

गाळा बंद. आत फरशीवाले. जयवंतला सुट्टी दिली आहे तरी रोज येऊन समोरच्या कट्ट्यावर बसतो.

"वैनी, बायका येतत आणि शटर बघून जातत."

"त्यांना सांग, ऑगस्टमध्ये या."

"सांगतंय मा. त्या म्हणतत, आगस्टात आमी मासे विकू काय तुमच्या दाराक बसू?"

मी म्हटलं, नव्या गोष्टीला वेळ लागतो. त्याने विडी पेटवली. गाळ्यासमोर विडी ओढायची नाही हा माझा नियम त्याला माहीत आहे.

२४ जून

फरशी झाली. पांढरी, मध्ये पिवळे पट्टे, कुठे चालायचं ते दाखवणारे. रंगही आकाशी. कधी नव्हे तो फिनाईलचा वास येतो. एकटीच खुर्ची टाकून तासभर बसले. फार छान वाटलं.

२२ जुलै

काम बंद असलं तरी श्रुतिका येते, फोटो होतात. आज पाऊस म्हणून तिला घरी नेलं, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि घावणे केले. चार घावणे खाल्ले. म्हणाली, आईला वेळच नसतो. तिची नोकरी कराराची आहे. हे वर्ष तिच्या वाट्याच्या उद्योगांचं नीट पार पडलं तर कायम करतील. मी म्हटलं, आमच्यामुळे काही अडणार नाही, निर्धास्त राहा.

जाताना छत्री विसरली. मंगळवारी देईन.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा होऊन दहा दिवस झाले. टेबलावर तिन्ही मापं मांडलेली आहेत. धूळ बसते, मी पुसते.

आज स्वतः मुलुंडच्या बाजारात गेले. बी.एस्सी. झाल्यापासून मासळीबाजारात धंद्यासाठी पाय ठेवला नव्हता, तो आज ठेवला. मंजुळा पापलेट कापत होती. विळी नवी. आमची नाही.

"ठान्याचा लोहार हाय," ती मान वर न करता म्हणाली. "त्याचं काम जयवंतासारखं नाय. पन बसू देतो."

"मंजुळा, पुढल्या वर्षी मी पाटी काढते."

"पुढल्या वर्षाचं पुढल्या वर्षी. विली घेतली की तीन-चार वर्सं चालते, तुना म्हायती नाय?" मग मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "या ताई, या. बाजूला हो गो रत्ना, गिऱ्हाईक हाय."

बाजूच्या चौघीजणी बघत होत्या. तिची भाची पूर्वीही. तिच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. ठाण्याची विळी काही फार बरोबर बसलेली दिसत नाही, हे मी मुद्दाम मंजुळाला ऐकवलं. ती म्हणाली, "ती तुज्या मध्यमची खूण हाय. जयवंताकडून गुपचूप नेलेली. म्हटलं, बघू तरी शिकलेल्या बाईचं माप."

घरी आल्यावर साडी भिजत घातली. जयवंतला उद्या जाब विचारणार आहे, मला न सांगता माल दिलाच कसा.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. भट्टीला हळदकुंकू वाहिलं, हातोड्यांना फुलं. नव्या मशीनची पूजाही केली. श्रुतिका फोटोला आली होती, तिला फार आवडलं.

घासकामाच्या दोघांना कालच कामावरून कमी केलं. जयवंतला अर्ध्या दिवसावर ठेवलं आहे. आता हाताला काम म्हणजे कंपनीचंच: ओट्याला अडकवायची स्टीलची विळी, एकाच मापाची. मशीनवर पातं कापायचं आणि घासायचं. जयवंत म्हणतो, ही विळी टाकळ्याची भाजीसुद्धा कापूची नाय. पण काम आहे हे महत्त्वाचं. कंपनीचं काम नसतं तर गाळ्याला कुलूपच घालावं लागलं असतं.

कोळणी ना स्वतः बदलतात, ना दुसऱ्याला बदलू देतात.

२ डिसेंबर

श्रुतिका महिन्याने आली. दुसऱ्या युनिटांचं काम फार आहे, बिचारीला श्वास घ्यायला वेळ नाही. राहिलेले मंगळवार भरून काढायचे होते, म्हणून आज येताना तीन ओढण्या आणल्या होत्या. एक ओढणी, फोटो. दुसरी, फोटो. मलाही साडी बदलायला सांगितली, तेव्हा घरून दोन आणल्या. एक फोटो भट्टीशी, एक मशीनशी, एक दाराशी. अर्ध्या तासात तीन आठवड्यांचं काम. पोरगी हुशार आहे.

मी मशीनच्या पात्याबद्दल विचारणार होते, ते वाकतं. तिला निघायचं होतं.

छत्री आठवणीने दिली. म्हणाली, "अय्या, ही माझी आहे?"

१३ जानेवारी २०२६

वर्ष भरत आलं. पुढच्या मंगळवारी सरकारच्या बाई तपासणीला येणार. श्रुतिकाचा फोन आला. "काकू, तुम्ही फक्त खरं ते सांगा." कंपनी पुढे काम देणार का, विचारलं. म्हणाली, योजनेचं वर्ष संपलं की ते दुसऱ्या उद्योगांना जाईल.

जयवंतला सांगितलं, त्या दिवशी पूर्ण दिवस ये, भट्टी पेटती दिसायला हवी.

तो म्हणाला, "वैनी, एक इचारू? त्या घाटकोपरच्या बॅगवाल्याकडे गेल्या महिन्यात तपासणी झाली. त्याने सरळ सांगितल्यान, माका काय फायदो झालो नाय. तर कंपनीक आणखी एक वर्साचा काम देऊचा लागला. तसो नियम आसा."

"बघू."

"बघूचा काय त्याच्यात? नाय म्हणा आणि मोकळ्या व्हा. एका वर्सात आमी बायकांका परत आणू. मी स्वतः बाजारात जाऊन पाचरी ठोकून देतंय."

एवढं लांब तो कधी बोलत नाही. मी चौकशी केली. नियम आहे खरा. मंगळवारी स्पष्ट सांगायचं ठरवलं. माझं कुणाशी वाकडं नाही, पण जे झालं ते झालं.

२० जानेवारी

तपासणी झाली.

बाई माझ्याच वयाच्या असाव्यात, निवृत्तीनंतर कराराने घेतलेल्या. पद्मजाबाई. स्टार्चची साडी, चष्मा साखळीला. बोलणं नेमकं. मला पाहताक्षणी बरं वाटलं, या बाईला दोन शब्दांत कळेल. बरोबर श्रुतिका आणि तिचे साहेब. साहेब फोनवरच्या आवाजापेक्षा तरुण निघाले. जयवंतने भट्टी लालबुंद केली होती. धुतलेला सदरा घालून आला होता.

बाईंनी फरशी पाहिली, पट्टे पाहिले, मशीन पाहिलं. मग समोर बसल्या.

"शिक्षण काय आपलं?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री. त्र्याऐंशी."

"अरे वा. मी चौऱ्याऐंशी, बॉटनी." त्या पहिल्यांदाच हसल्या. "सकाळपासून सहा ठिकाणी जाऊन आले. काय सांगू तुम्हाला, लोकांना योजना काय होती तेच कळलेलं नाही. कंपनीने सांगितलं, मुंडी हलवली. आता रडतात. एकाने तर ऐन हंगामात दुकान बंद ठेवलं, कंपनी म्हणाली म्हणून! आता सांगा, याला काय म्हणायचं?"

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"तुमच्यासारखी शिकलेली बाई असली की बरं पडतं. तुम्हाला काही कुणी गुंडाळणार नाही." मग पेन उघडलं. "तर नियमाप्रमाणे विचारते. या मार्गदर्शनाचा तुमच्या उद्योगाला फायदा झाला का? नाही म्हणालात तर कंपनीला आणखी वर्षभर काम द्यावं लागेल, त्यांची सवलतही अडेल. स्पष्ट सांगा, कुणाची भीड नको."

श्रुतिका जमिनीकडे बघत होती, पिवळ्या पट्ट्याकडे. साहेब मोबाइल बघत होते. जयवंत भात्यावरचा हात काढून माझ्याकडे बघत होता.

मी म्हणाले, "झाला. पुष्कळ झाला."

"उदाहरण?"

"गाळा स्वच्छ झाला. कामाला शिस्त आली."

"छान," बाई म्हणाल्या, आणि लिहिलं. श्रुतिकाने एकदम माझा हात धरला. हात गार होता तिचा. साहेबांनी सगळ्यांचा एक फोटो काढायला लावला. जयवंतलाही बोलावलं, तो आला नाही.

ते गेल्यावर जयवंतने भाता बंद केला. मग म्हणाला, "वैनी, एक वर्साचा काम होता ता."

"मला शिकवू नकोस."

"नाय. माझी काय शिकवूची लायकी?" त्याने निखाऱ्यांवर पाणी मारलं. सगळ्या पांढऱ्या फरशीवर काळं पाणी.

काय बोलायला हवं होतं मी? मीही त्या सहा जणांतलीच एक, ऐन हंगामात कुलूप घातलेली? परक्यांसमोर आपली फजिती सांगणाऱ्यातली मी नाही. आणि श्रुतिकाच्या नोकरीचाही प्रश्न होता. तो विचार मी केला होता. केला होताच.

२३ जानेवारी

जयवंत तीन दिवस आला नाही. आज त्याचा मुलगा प्रज्योत येऊन बापाचा हातोडा आणि सांडशी घेऊन गेला. जयवंत ठाण्याच्या लोहाराकडे लागलाय म्हणे. इतक्या वर्षांचा माणूस, दोन ओळींचा निरोप नाही. माणसाची पारख होते ती अशी.

५ फेब्रुवारी

कंपनीचं काम थांबलं. शटर खाली. श्रुतिकाला दोनदा फोन केला. आज मेसेज आला: कायम झाले काकू, सगळं तुमच्यामुळे, सध्या बेंगळुरूला आहे. पुढे हात जोडलेलं चित्र.

चांगलं झालं. कुणाचं तरी झालं.

२४ फेब्रुवारी

कंपनीने नव्या वर्षासाठी नवे उद्योग निवडले आहेत. त्यांच्यासमोर अनुभव सांगायला मला बोलावलं होतं, मुलुंडच्या एका सभागृहात. आधी नको म्हणणार होते. पण नको म्हटलं तर विचारणार, का? एकदा झाला म्हटलं आहे. नारायणपेठ नेसून गेले.

दहा मिनिटं बोलले. नीट बोलले. पाल्हाळ न लावता, मुद्देसूद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर मी आणि साहेब, मागे आमच्या गाळ्याचा भला मोठा फोटो. श्रुतिकाच्या तीन ओढण्यांपैकी निळी, आणि माझी मोरपंखी साडी.

चहाच्या वेळी एक बाई शोधत आली. नाव शेवंती, दहिसरची, घरात चार बायका घेऊन टोपल्या-सुपं विणते. हातांना सगळीकडे चिरा. तिच्याकडे लोक आपापल्या मापाची सुपं सांगून करून घेतात. कंपनी म्हणते, एक माप ठरवा. रात्रभर झोप नाही म्हणाली.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. तुमचं बोलणं ऐकून धीर आला. खरंच भलं होतं ना हो?"

"होतं," मी म्हणाले.

"मग मी पण हो म्हणते. एकदा तुमच्याकडे येऊन डोळ्यांनी बघू का? भांडुपलाच ना? उद्या येऊ?"

तिने पत्ता लिहून घ्यायला पेन काढलं होतं. साहेब चार पावलांवर उभे होते.

"सध्या नको," मी म्हणाले. "सध्या कामाची फार गडबड आहे."

"नशीबवान आहात हो," ती म्हणाली, आणि खाली वाकून माझ्या पाया पडली.